पन्नासाव्या डाइव्हचा शेरा

बालाजी,

तुझी वही गुरुवारी माझ्याकडे आली. पलटणीकडून तुझी ट्रंक कुकटपल्लीला घरी पोचली, आईनं ती उघडली, लोकरीचे कपडे गच्चीवर उन्हात घातले, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली ही वही निघाली. आईची शाळा तेलुगूत, तीही चौथीपर्यंत. घरची मराठी तिला बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून तिनं गल्लीतल्या लावण्याला बोलावलं. लावण्याला तर मराठी बोलताही जेमतेम येतं, पण आपल्या वहीतले आकडे आणि सह्या तिला कळतात. शेवटच्या पानावर सहीची जागा रिकामी आहे आणि ती जागा माझी आहे, एवढं तिच्या लक्षात आलं. "सही करून ठेवा म्हनावं, मी ऐतवारी न्यायला येते," असं आई म्हणाली. आज शनिवार आहे. तीन दिवस मी पेन घेऊन बसते आणि उठून दुसरं काहीतरी काम काढते. स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून झाले.

काल स्टाफरूममध्ये वही टेबलावर होती. गणिताच्या नव्या शिक्षिकेनं विचारलं, हे काय? तिला समजावून सांगावं लागलं. हौसेनं समुद्राखाली जाणारी माणसं अशी वही ठेवतात. डाइव्हचा नंबर, जागा, किती खोल गेलो, किती मिनिटं राहिलो, पाणी किती स्वच्छ होतं, मग शेऱ्याचा रकाना आणि सगळ्यात खाली बडीची सही. बडी म्हणजे खाली जाताना जोडीला असलेला माणूस. त्याची हवा संपली तर तो तुमच्या टाकीतून श्वास घेणार, तुमची संपली तर तुम्ही त्याच्या. बडीनं सही केल्याशिवाय आम्ही डाइव्ह धरत नाही. ती म्हणाली, "मग तुमचा बडी कोण?" मी म्हटलं, कुकटपल्लीचा एक मुलगा, फौजेत होता. "होता" हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेला. पुढचा तास मी घेतला नाही.

पेपरात तुझ्याबद्दल आलं ते सगळं खरं आहे आणि त्यातलं मी इथं काही लिहिणार नाही. फोटोत तुझी टोपी अगदी सरळ आहे आणि तू कोणाकडेच बघत नाहीस. तुला नाकात पाणी जायची भीती वाटायची, हे त्यात कुठंच नव्हतं.

सहा वर्षं झाली. सिकंदराबादच्या एका तरणतलावावर आपला वर्ग भरायचा. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, वर्गात सगळ्यात थोराड. पाण्याचा दाब पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवला होता, अंगावर कधी घेतला नव्हता. नववीतल्या एका मुलीनं भर वर्गात विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कधी खाली गेलात का?" त्या एका प्रश्नापायी मी तिथं आले होते. तू तेव्हा इथल्याच पलटणीत होतास आणि रविवारी सुटी मिळाली की यायचास. चौथ्या दिवशी पाण्याखाली मास्क काढून परत घालायचा होता. मी घातला. तू तीन वेळा उसळी मारून वर आलास. डोंगरावर बंदूक घेऊन चढणारा माणूस चार फूट पाण्यात नाक धरून उभा! तिसऱ्या वेळी तू म्हणालास, "मायला, मरतो की आता," आणि माझ्याकडे बघून जीभ चावलीस, कारण मी हसले होते. मराठी कळणारं कोणी तिथं असेल असं तुला वाटलं नव्हतं. चौथ्या वेळी मी तुझं मनगट धरून खाली बसले. तू मास्क काढलास, डोळे गच्च मिटलेस आणि घातलास परत. त्या दिवसापासून आपण बडी.

तू मला बाई म्हणायला लागलास. मी तुझी बाई कधीच नव्हते, पण वागले मात्र तशीच. हवा किती उरलीय ते तीन-तीनदा विचारायचे. तुझा पट्टा सैल असला तर सगळ्यांसमोर बोलायचे. रफीकभाई म्हणायचे, "बाई, ये फौजी है, इसकू पट्टा बांधना आता." रफीकभाईंचं दिलसुखनगरला चष्म्याचं दुकान, माझ्या मास्कला नंबराच्या काचा त्यांनीच बसवून दिल्या. तुझ्याच गल्लीतली लावण्या, मी, रफीकभाई आणि तू. चौघांचा ग्रुप झाला आणि त्याला नाव तू दिलंस: "बुडालेले". आईनं ते ऐकलं तेव्हा दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. ग्रुपचं ते नाव अजून तसंच आहे. बदलायला हात कोणाचाच होत नाही, आणि उघडायलाही.

वर्षातून दोन-तीनदा आपण रात्रीच्या गाडीनं विशाखापट्टणमला जायचो. तुझ्या पिशवीत आईनं दिलेलं अंबाडीचं लोणचं असायचं आणि एक लिंबू. लोणचं खायला, लिंबू बोटीच्या पुढच्या टोकाला बांधायला. मी तुझी किती टिंगल केली त्या लिंबावरून! लिंबानं टाकीतली हवा वाढते का रे? तू म्हणायचास, "विज्ञान तुमचं बाई, लिंबू माझं. दोन्ही असू द्या की." एकदा मी तुला दृष्ट, शकुन, अपशकुन यांवर इतकं मोठं भाषण दिलं की बोटवाल्यानं इंजिन बंद करून ऐकलं. ते भाषण आज मला जड जातंय.

आणि एकदा मी मरता मरता वाचले. पंख पसरून चाललेल्या एका पट्टेदार माशाच्या मागं मी वेड्यासारखी गेले आणि हवेच्या काट्याकडं बघायचंच विसरले. तू समोर येऊन खूण केलीस, हवा किती? मी बघितलं तर चाळीस. भरलेली टाकी दोनशे दाखवते, पन्नासला वर निघायचं असतं. मला इतकी लाज वाटली की क्षणभर खोटं सांगावंसं वाटलं. पण पाण्याखाली हवेबद्दल खोटं बोलायचं नाही, हे मीच तुला शंभरदा सांगितलेलं. चार बोटं दाखवली. तू तुझी जास्तीची नळी माझ्या तोंडात दिलीस, माझा दंड धरलास आणि मला इतक्या हळू वर आणलंस की मला रडायलाही वेळ मिळाला. बोटीवर तू कोणाला काही सांगितलं नाहीस. फक्त माझ्या वहीत शेरा लिहिलास: "बाई माशाच्या नादी लागल्या. पुन्हा लागू नये." माझ्याच सुरात. मी तुझे आभार मानले नव्हते, बालाजी. मी म्हटलं होतं, "लागू नये" बरोबर आहे, पण अक्षर सुधार.

मग तुझी बदली वर झाली. वर म्हणजे कुठं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि आम्ही विचारलं नाही. चौकीवर फोन लागायचा नाही. पंधरा-वीस दिवसांनी खाली आलास की ग्रुपवर एकदम सात-आठ मेसेज. आम्ही विचारायचो, "हवा किती?" आणि तू खरं सांगायचास. दोनशे म्हणजे मजेत. शंभर म्हणजे ठीक, थकलोय. एकदा तू "साठ" लिहिलंस आणि पुढं काहीच नाही. लावण्यानं ऑफिसातून, रफीकभाईंनी दुकानातून, मी शाळेच्या गेटवरून, तिघांनी आळीपाळीनं फोन लावत तुला संध्याकाळपर्यंत बोलतं ठेवलं. काय झालं होतं ते तू सांगितलं नाहीस. शेवटी म्हणालास, "आता नव्वद झाली." हवामानही तू आपल्याच भाषेत सांगायचास. "आज बर्फ. दोन मीटरच्या पुढं दिसत नाही. बडीचा हात सोडू नका."

आम्ही समुद्रावर जाऊन आलो की तुला सगळं सविस्तर हवं असायचं. व्हिडिओ तिथं उघडायचा नाही, म्हणून मी पत्रं लिहायला लागले. तुझी शाळाही तेलुगूच. मराठी वाचायला तू हिंदी पाट्यांवरून शिकलेला. एक पत्र वाचायला तुला तीन दिवस लागायचे. उत्तर मात्र मराठीतच द्यायचास आणि मी त्यावर लाल पेनानं खुणा करून ते परत पाठवायचे. तू फोनवर कळवळून म्हणालास, "बाई, असं नका करू. टपाल सगळ्यांसमोर उघडतात. पलटणीत माझी इज्जत जालालीय." मी ऐकलं नाही. पण वर्षभरात तुझ्या पत्रांतलं लाल कमी होत गेलं. त्याचा मला फार अभिमान होता, आणि तेही तुला बोलले नाही.

आता त्या सकाळबद्दल. तेच लिहायला बसलेय, आणि इकडचं तिकडचं लिहीत बसले.

गेल्या सुट्टीत तू आलास तेव्हा तुझ्या वहीत सत्तेचाळीस होत्या. शुक्रवारी दोन केल्या. एकोणपन्नास. पन्नासावी शनिवारी सकाळी, मग संध्याकाळी बिर्याणी, आणि तुझी सुट्टी अजून पाच दिवस बाकी. शनिवारी आपण बोटीवर चढत होतो आणि तुझा फोन वाजला. तू बाजूला जाऊन बोललास. परत आलास तेव्हा पाठ ताठ झाली होती. सुट्टी रद्द. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं निघायचं आणि पुढं लगेच वर.

तू घड्याळ बघितलंस आणि बोटांवर हिशेब केलास. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला वायू वरच्या हवेत बुडबुडे होऊन बाहेर येतो. पुस्तक म्हणतं अठरा तास थांबा. तू म्हणालास, "बाई, आत्ता उतरलो तर वीस तास होतात. बसतंय की." मी म्हटलं, पुस्तक साध्या प्रवाशासाठी आहे, तू डोंगरावर जाऊन राहणारेस, चोवीसच्या खाली मी ऐकणार नाही. तू म्हणालास, "मग पाचच मीटर जाऊ. पंधरा मिनिटं." आणि मी म्हटलं, "मी डाइव्ह रद्द करतेय."

त्यापुढं बोलणं संपतं. आपल्यात तो नियमच आहे. कोणीही, केव्हाही, कशासाठीही डाइव्ह रद्द करू शकतो आणि दुसऱ्यानं कारण विचारायचं नसतं. नंतरही नाही. चेष्टेतही नाही. हा नियम पहिल्या दिवशी मला फार आवडला होता. माणसाला भीतीचं कारण द्यावं न लागणं ही किती मोठी सवलत!

तू अंगावरचं सामान एक-एक करून उतरवलंस, माझंही उतरवायला मदत केलीस. रफीकभाई आणि लावण्या खाली गेले. आपण दोघं ताडपत्रीच्या सावलीत बसून राहिलो. तू भुईमुगाच्या शेंगा सोलून मला देत होतास. मग एकदम विचारलंस, "बर्फ पडला की इतकं शांत का होतं, बाई?" मी सांगितलं, ताज्या बर्फात हवेच्या बारीक जागा असतात, आवाज त्यात जिरतो. तू जरा वेळ पाण्याकडे बघितलंस. म्हणालास, "म्हणजे तिथं बी खालच्यासारखंच." मी म्हटलं, हो, जवळजवळ. ते दोघं वर येईपर्यंत आपण एवढंच बोललो. दुपारच्या गाडीनं सगळे सिकंदराबादला परतलो, तुला घरी जाऊन पहाटेचं विमान गाठायचं होतं; स्टेशनवर निरोप घेतानाही मी तुझ्या पट्ट्याबद्दलच काहीतरी बोलले. बॅगेचा पट्टा या वेळी.

त्यानंतर चार महिने. मेसेज येत राहिले. हवा दीडशे, एकशे सत्तर. शेवटचा माझ्या एकटीच्या फोनवर होता: "बाई, पुढच्या सुट्टीत पन्नासावीवर तुमची सही पाहिजे." मला वाटलं, पुन्हा जायचं म्हणतोस. मी लिहिलं, "नक्की." त्या मेसेजवर दोन निळ्या खुणा आहेत, म्हणजे तू वाचलास.

लढाई नव्हती. गोळीही नव्हती. रस्ता खचला आणि गाडी खाली गेली. लावण्याचा फोन आला तेव्हा मी दहावीला तरंगणाऱ्या वस्तूंचा नियम शिकवत होते. तुझ्या गल्लीत इतकी गर्दी होती की आम्हाला वाट मिळेना. फुलं टाकलेली गाडी, घोषणा, गच्च्यांवर माणसं. एका पोलिसानं विचारलं, तुम्ही कोण? नातेवाईक? आम्ही एकमेकांकडे बघितलं. रफीकभाई म्हणाले, "हम इसके साथ पानी में जाते थे." पोलिसाला ते काही कळलं नाही, पण त्यानं आम्हाला पुढं सोडलं. मी तुला लांबूनच बघितलं. पुढं होऊन तुझं मनगट धरावं असं फार वाटलं. तिथं तसं करायचं नसतं.

आणि आता ही वही. शेवटचं पान मी उघडलं तेव्हा मला वाटलं, कोरं असेल. तू ते भरलं आहेस. नंबर पन्नास. तारीख त्या शनिवारची. जागा: "बोटीवर". खोली: शून्य. वेळ: बेचाळीस मिनिटं. म्हणजे तू घड्याळ लावलं होतंस! पाणी किती स्वच्छ: "लांबपर्यंत दिसत होतं". शेरा: "बाईंनी रद्द केली. कारण विचारायचं नसतं." दोन ठिकाणी वेलांटी चुकलीय. लाल पेन समोर होतं, उचललं नाही.

रफीकभाई म्हणतात, "बाई, कर देव ना सही. किसका क्या जारा? बच्चे का पचास पूरा होता." लावण्या म्हणते, "तोंदर लेदु मॅडम," घाई नाही. दोघांना वाटतं, मी नियमाची कडक, न झालेल्या डाइव्हवर सही करायला माझा हात धजत नाही. त्यांना तसंच वाटू दिलं मी.

तुला खरं सांगते. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. वीस तास पुरले असते. पाच मीटर, पंधरा मिनिटं. त्यानं तुला काहीही झालं नसतं. हे मला त्या सकाळीही ठाऊक होतं. मी हे सगळं शिकवते, बालाजी, मला नाही कळणार? पण तू फोनवरून परत आलास तेव्हाची तुझी ताठ पाठ मी बघितली, आणि माझ्या मनात आलं: पन्नासावी राहू दे. काहीतरी राहिलेलं असलं की माणसाला परत यावं लागतं. एकोणपन्नासवर कोणी थांबत नाही. तुझा तर स्वभावच नाही अर्धवट सोडायचा. मी तुझी पन्नासावी डाइव्ह माझ्याकडे ओलीस ठेवून घेतली.

तुझ्या लिंबाला हसणारी मी. बोटवाल्याला इंजिन बंद करायला लावणारं भाषण देणारी मी. मी समुद्रावर उभं राहून शकुन केला आणि त्याला विज्ञानाचं नाव दिलं. तुझी शेवटची पंधरा मिनिटं पाण्याखालची, जी तुला इतकी हवी होती, ती मी तुला दिली नाहीत. आणि तू हवेबद्दल माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस.

सही करत नाही ती एवढ्यासाठीच. सही केली की पन्नास पूर्ण होतात. मग तुझं इथं काही राहत नाही. हे वेडेपण आहे, मला कळतं. तू गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत त्या कळण्याचा काही उपयोग झालेला नाही.

*

रविवार, दुपार. आई येऊन गेली.

कुकटपल्लीहून काचीगुड्याला माझ्या घरापर्यंत दोन बस बदलून एकटी आली. मी म्हटलं, लावण्याला घेऊन यायचं ना. तर म्हणाली, "नक्को. समदे धरून धरून चालवलालेत मला." खुर्चीवर बसली नाही, खालीच बसली, भिंतीला टेकून. पिशवीतून स्टीलचा लहान डबा काढून शेजारी ठेवला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "झाली का सही, बाई?"

मी नाही म्हटलं. तिनं का विचारलं नाही. तिला आपला नियम माहीत नाही, तरीही विचारलं नाही. मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली आणि तू लिहिलेलं एक-एक ओळ वाचून दाखवलं. खोली शून्य, वेळ बेचाळीस मिनिटं. ती ऐकत राहिली. "बाईंनी रद्द केली" म्हटल्यावर तिनं वर बघितलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. वीस तासांचं, बुडबुड्यांचं, आणि ते सगळं कसं निमित्त होतं. म्हटलं, अक्का, त्याला फार जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. मला वाटलं, ते राहिलं तर तो परत येईल.

मला वाटलं, ती रडेल. किंवा उठून जाईल. मनातून मला तेच हवं होतं.

तिनं वहीवरून हात फिरवला, अक्षरांवर नाही, कडेनं. म्हणाली, "ह्या बारीला अंबाडीचं लोनचं न्हेतो म्हनला, पुरी बरनी. मी आर्धीच भरून दिले. आर्धी मागं ठिवले. म्हनलं, येशील तवा खाशील. तोंड लहान केला, पर काय बोलला नाही." मग, "तुमी बी तेच केलाव की बाई."

बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, कितीतरी वेळ तो किक मारत होता.

मी विचारलं, "ती बरणी?"

"काल काढले. किती दिस ठिवू? बुरशी धरलाली वरून. चांगलं चांगलं काढून समद्यांना दिले." तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "हे तुमचं. बोटीवर तुमाला देत व्हता म्हनं तो."

मी डबा उघडला आणि चमचा आणायला उठले नाही. बोटानंच घेतलं. तिखट होतं, नेहमीइतकंच. डोळ्यांतून पाणी यायला मला तेवढं कारण पुरलं. तिनं पदरानं माझा हात पुसला, लहान मुलाचा पुसतात तसा, आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "लिव्हा आता. मला चारची बस हाय."

मी निळं पेन घेतलं. तू शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेस. तुझं अक्षर मोठं, एरवी तू कडेपर्यंत लिहितोस. मी तिथं लिहिलं: "कारण: तू परत यावास म्हणून." आईनं विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली.

खाली, बडीच्या जागी, सही केली. तारीख आजची घातली.